ड्रमाजवळची जागा

आईने खुर्ची आणायला सांगितली, म्हणून मी गोल बाजारात गेलो. नवतपा सुरू होता. त्या नऊ दिवसांत रायपुरातलं डांबर चपलेला चिकटतं आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, म्हणून मी सकाळीच निघालो. लाल प्लास्टिकची, हातवाली एक खुर्ची निवडली. दुकानदार म्हणाला, "एक ही? लोग तो चार-चार ले जाते हैं, भैया."

"बैठने वाला एक ही है," मी म्हणालो.

असं का म्हणालो, ते मला कळलं नाही. घरात आम्ही दोघंच होतो, आई आणि मी, आणि आमच्याकडे दोन खाटा होत्या.

खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आलो. उरल्याच्या लोखंडाच्या गिरण्यांची काळी धूळ आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, दिवसभर खाली बसत असते. आई ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. पाण्याच्या निळ्या ड्रमाजवळ आल्यावर तिने हात थांबवला आणि एका जागेला वळसा घालून पुढे पुसलं.

"तिथं ठेव," ती म्हणाली. "ड्रमापाशी."

"कोणासाठी?"

"आठ दिवस झाले, उभाच आहे तो. तुले दिसत नाही काय?"

मला दिसत होतं. पण मी ते मान्य करत नव्हतो.

आधी यशदीपचं सांगतो. तो माझा मोठा भाऊ. बाबा गेले तेव्हा मी सातवीत नापास झालो होतो आणि तो उरल्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये लागला होता. पुढे मिल सोडून तो एका ठेकेदाराकडे गेला. गावोगावी सोलरचे दिवे लावायचं काम. दक्षिणेकडच्या जंगलात पोलिसांना कुठेतरी बंदूकवाल्यांच्या तळावर बॅटऱ्या सापडल्या आणि त्यांच्या पावतीवर दादाची सही निघाली. माल उतरवला की सही करायची, एवढंच तो करत असे. जानेवारीत पानठेल्यावरून साध्या कपड्यांतल्या चार जणांनी त्याला बिननंबरच्या पांढऱ्या गाडीत घातलं. त्यानंतर तो कुठेच नव्हता. एका ठाण्यात म्हणाले, आमच्याकडे नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, कोण यशदीप?

चेतना दीदी वकील आहेत, आमच्याच समाजाच्या. त्यांनी बिलासपूरला हायकोर्टात अर्ज लावला, की माणूस जिवंत समोर आणून दाखवा. तारीख मिळाली एकोणीस मे.

सतरा मेला फोन आला. नाल्याकाठी एक बॉडी सापडली आहे, ओळखायला या.

मी दीदींना विचारलं नाही. मी असाच आहे, आधी उठतो आणि मग विचार करतो. शेजारचे देवीदास काका सोबत आले, पण शवागाराच्या दारातच त्यांना घेरी आली आणि ते बाहेर बसले. मी एकटाच आत गेलो. फिनाइलचा वास होता आणि त्याच्याखाली दुसरा एक वास होता. चेहरा ओळखू येण्यासारखा उरला नव्हता. तिथल्या माणसाने पायांवरची चादर सारली. नडग्यांवर भाजल्याचे गोल डाग होते. मिलमध्ये लाल सळई बाहेर पडते तेव्हा तिचे पापुद्रे उडतात, ते असेच डसतात. दादाचे पाय तसेच होते. हे पाय मात्र खांबासारखे सुजलेले, जांभळे पडलेले.

चादर परत ओढताना तो माणूस पुटपुटला, "बहुत दिन खड़ा रखे होंगे..."

"क्या?"

"कुछ नहीं. साइन करो."

मी सही केली. चार महिने आई दाराकडे तोंड करून जेवत होती. मला ते संपवायचं होतं.

परत येताना ऑटोत मी काकांना डागांचं सांगितलं. त्यांनी पँटचे पाय गुडघ्यापर्यंत वर केले.

"हे पाह्य. उरल्यात दोन वर्षं काढली का कोणाच्याबी पायावर असते हे. तू बाकी सगळं नीट पाह्यलं न बेटा?"

"पाह्यलं," मी म्हणालो. मी काहीच पाहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आम्ही अग्नी दिला.

एकोणीस तारखेला सरकारी वकिलाने माझ्या सहीचा कागद पुढे केला. माणूस सापडला, अर्ज निकाली. चेतना दीदी माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कोर्टाच्या पायरीवर बसून पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "दोन दिवस थांबायचं होतं रे, प्रशिक. एक फोन करायचा होता."

"दीदी, तो दादा नसला तर?"

"आता तपासायला राख आहे फक्त." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. "आणि दादा नसला, तर तो ज्यांच्याकडे आहे, त्यांना आता तो कोणालाच दाखवावा लागणार नाही."

घरी पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, नातेवाईक आले, मेणबत्त्या विझल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फरशीवर, ड्रमाजवळ, दोन ओले डाग दिसले. पावलांएवढे. पुसले की पाच मिनिटांत परत यायचे. नवतप्यात आमच्याकडे ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो, पण ते डाग वाळत नव्हते. तिथे वासही यायचा. बंद खोलीचा, घामाचा, भिजलेल्या पोत्याचा.

मी खुर्ची आणली त्याच दुपारी दोनला लाइट गेली. कूलर थांबला. कूलरच्या आवाजाखाली आठ दिवस काय दबलेलं होतं, ते तेव्हा मला ऐकू आलं. कुणीतरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होतं. मग एक आवाज आला, घसा सुकलेला.

"बैठ जाऊँ, साहब...?"

आई खाटेवरून म्हणाली, "बस रे बेटा. खुर्ची आणली तुह्यासाठी. बस."

भार या पायावरून त्या पायावर. पुन्हा तेच.

"बैठ जाऊँ, साहब...?"

"माहं ऐकतच नाही तो," आई म्हणाली. ती घाबरलेली नव्हती, फक्त थकलेली होती. "तुले विचारून राहिला. सही तू केली न."

"आई... दादा आहे काय तो?"

"यशदीप असता तर आधी भाकर मांगितली असती." ती किंचित हसली. "नाही. कोणाचातरी पोट्टा आहे. आपण त्याले दुसऱ्याच्या नावानं जाळलं. मंग तो कुठं जाईल? इथंच येईल न. म्हण न बाप्पा त्याले, बस म्हण."

मी म्हणायला हवं होतं. एका शब्दाचं काम होतं. पण माझ्या डोक्यात भलतंच आलं. हा दादा नाही, म्हणजे दादा आहे. आणि हा जिथून आला, तिथे आहे. मी खुर्ची ओढली, त्या डागांसमोर ठेवली आणि तिच्यात स्वतः बसलो.

"खड़ा रह," मी म्हणालो. "पहले बता, मेरा भाई कहाँ है?"

"प्रशिक! असं नको करू."

"तू गप राह आई."

तीन दुपारी मी तसा बसलो. लाइट असली तर कूलर मीच बंद करायचो. घाम पाठीवरून खुर्चीत उतरायचा. तो विचारायचा, बसू का. मी विचारायचो, भाऊ कुठे आहे. उत्तर म्हणून पुन्हा भार या पायावरून त्या पायावर. मधेच गुडघे दुमडल्यासारखा आवाज यायचा आणि मी ओरडायचो, "सीधा!" हा शब्द मी कुठे शिकलो, मला माहीत नाही. आई कानांवर पदर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

तिसऱ्या दुपारी तो बोलला.

"पता नहीं कहाँ... आँख पे पट्टी थी, साहब. आपका भाई बाजू में था. नींद में माँ को बुलाता था... आपकी बोली में."

आई उठून बसली.

"जिंदा है?" मी विचारलं.

भार पुन्हा या पायावरून त्या पायावर. मग अगदी हळू, जणू तिसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये.

"दोनों में से एक को खड़ा रहना पड़ता है. मैं खड़ा हूँ, तो वो सो रहा है. मैं बैठा... तो उसको उठाएँगे."

मी आईकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती त्या डागांकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्चीत बसलो नाही. मी ठरवलं होतं की बस म्हणायचं. मेलेल्या माणसाला आणखी किती उभं ठेवायचं? आणि दादा तर... पण तो प्रश्न आला, माझं तोंड उघडलं, आणि माझ्या आधी आई बोलली. अकरा दिवस जी त्याला बस बस म्हणत होती, ती आई.

"उभा राह, बेटा," ती म्हणाली. "थोडा वेळ अजून. उभा राह."

"जी, माँजी."

त्याला तिचं पहिल्यांदाच ऐकू गेलं. आई उठली, पोतं पाण्यात भिजवून पिळलं आणि त्या दोन डागांवर अंथरलं, पायांना थंड वाटावं म्हणून. मग मोरीत जाऊन तिने नळ पुरता सोडला. तरी तिचं रडणं मला ऐकू येत होतं.

असे काही दिवस गेले. तो विचारायचा, आई थांब म्हणायची, तो जी म्हणायचा. आई त्याच्याशी बोलायची, त्याचं गाव विचारायची. गाव तो सांगत नसे. रात्री दादा झोपला असेल, असं म्हणत आई स्वतःही जरा झोपायला लागली होती.

मग एका दुपारी मी कामावरून आलो तर पोतं कोरडं होतं. खालची फरशी कोरडी. वास नाही. घरात नुसता कूलरचा आवाज. मी कूलर बंद केला. काहीच नाही.

आई दारात आली. "तू म्हटलं काय त्याले?"

"नाही. तू?"

"नाही रे..."

आम्ही दोघं त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिलो. मग आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चपला काढल्या, लुगड्याचा पदर खोचला आणि ड्रमाजवळ जाऊन उभी राहिली. ताठ, हात सरळ सोडून.

"आई, काय करून राहिली?"

"झोपू दे यशदीपले," ती म्हणाली. "चारले तू ये."

तेव्हापासून आम्ही पाळीने उभे राहतो, मिलमधल्यासारखे. देवीदास काकांना वाटतं की आमचं डोकं फिरलं आहे. त्यांनी डॉक्टरचा पत्ता आणून दिला, मी खिशात ठेवला. दिवस कसेतरी निघतात. आईचे घोटे सुजले आहेत. मी तिला सांगतो की माझी पाळी लांबव. ती ऐकत नाही.

काल माझी पाळी होती, दुपारची. लाइट गेली होती. आई खाटेवर झोपली होती, तिचा श्वास ऐकू येत होता. पायांतून कळ निघत होती आणि मी दादाच्या झोपेचा विचार करत होतो. तेवढ्यात मागून कुणीतरी अगदी माझ्या कानाशी बोललं. तो आवाज त्याचा नव्हता, दादाचा नव्हता. चांगली झोप झालेल्या, पोटभर जेवलेल्या साहेबाचा आवाज होता. आणि त्यात फार माया होती.

"बहुत हो गया, बेटा. अब बैठ जा."

माझे गुडघे आपोआप वाकू लागले. मी ड्रमाची कड दोन्ही हातांनी धरली. वळून पाहिलं नाही.

माझ्या मागे, एका वितीवर, भिंत आहे.