बिरदेवच्या खुर्चीवरचा टॉवेल

माझा मुलगा मला उलट बोलत नाही. हीच माझी तक्रार आहे.

हसू नका. सकाळी उठतो, डबा घेतो, बारामतीला हाफिसात जातो. संध्याकाळी येतो आणि पुढ्यात पडेल ते खातो. कालवणात मीठ नसलं तरी खातो. आमच्या सणसर गावच्या बाया म्हणतात, प्रयागबाई, नशीब काढलंस.

मी गप्प बसते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

पुढं लिहिलंय ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. मी चौथी शिकलेली बाई. रचून सांगायला मला येत नाही. आणि ही काही रात्रीबिरात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते उजेडात झालं.

साल सत्त्याण्णव. बिरदेव, माझा एकुलता एक, बारामतीच्या एका कारखान्यात क्लार्क होता. पर्मनंट. डोक्यावर पंखा, खिडकीजवळची खुर्ची, खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल. लोक मला साहेबाची आई म्हणायचे. तो क्लार्क आहे, असं सांगायला मी कधी गेले नाही.

दिवाळी झाली आणि यानं राजीनामा दिला. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची एजन्सी घेतली. गाडी कंपनीची, आतलं कॉफीचं मशिन कंपनीचं, बाहेर रंगवलेला कपही कंपनीचा. गावोगाव हिंडून फेसाची कॉफी विकायची!

गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा मी उंबऱ्यातच उभी राहिले.

"सात पिढ्या मेंढरांमागं हिंडल्या आपल्या. पयल्यांदा घरातला एक जण खुर्चीत बसला. आन त्योबी उठला!"

"मग हिंडणं रक्तातच हाय की, आये." तो हसला. "हाफिसात बसून बसून मीच खुर्ची झालतो. हे घे. तुला फेस जास्त घातलाय."

मशिन फिस्स्स करून वाफ सोडत होतं.

मी कपाला हात लावला नाही. पुढंही कधी लावला नाही.

टॉवेल त्यानं घरी आणून दांडीवर टाकला होता. तो मी पिशवीत घातला आणि एसटी धरली. कारखान्यात जेवणाची सुट्टी झालेली. खोली रिकामी. बिरदेवची खुर्चीही रिकामी.

एसटी लागली की आपण काय करतो? खिडकीतून टॉवेल टाकतो. जागा आपली.

मी तेच केलं. खिडकीच्या गजांतून हात घातला आणि खुर्चीवर टॉवेल टाकला.

शिपाई फारुक बघत होता. पोट धरून हसला. "मावशी, ही काय यष्टी हाय व्हय?"

"त्यो माघारी येणार हाय. तवर कुणाला बसू देऊ नगंस."

फारुकनं खरंच कुणाला बसू दिलं नाही.

...निदान त्याला तसं वाटलं.

थोडे दिवस गेले. इंदापूरच्या स्टँडवर गिऱ्हाईक गाडीपाशी यायचं आणि कप ठेवायची फळी वाजवायचं. "हितं कुणी हाय का?"

बिरदेव कप घेऊन समोरच उभा असायचा.

घरी येऊन त्यानं हसत सांगितलं. मीही टोमणा मारला, "हाफिसात असताना लोक दारातनं नमस्कार घालत व्हतं."

मग एका संध्याकाळी माझ्या सुनेनं, सुकन्यानं, ताटं वाढली. माझं आणि तिचं.

बिरदेव पाटावर बसलेला होता.

"आगं, त्याचं?"

सुकन्यानं इकडं तिकडं बघितलं. "आत्या, ह्यांची तर वाट बघतीया मी..."

बिरदेव हसला नाही. स्वतःच्या हातांकडं बघत राहिला.

त्याच आठवड्यात बाजारात फारुक भेटला. खुशीत होता.

"मावशी, जिकलीस की! बिरदेव आला माघारी कामावर."

"कोण आलं?"

"बिरदेव. पर लई बदललाय. बोलत न्हाय, मान वर करत न्हाय. नुसता बसून असतो."

बिरदेव सकाळीच माझ्यादेखत गाडी घेऊन इंदापूरला गेला होता...

मी बाजारातून तशीच निघाले आणि बारामती गाठली. खिडकीशी गेले.

खुर्चीत कुणीतरी पाठमोरं बसलं होतं. तीच मान. तोच भोवरा केसांतला.

"बिरदेव?"

हललं नाही.

मी गजांतून हात घातला आणि टॉवेलाचं टोक ओढलं. तेवढ्यात ते मागं रेललं. टॉवेल पाठीखाली दाबून धरला.

मग सावकाश वळलं.

तोंड माझ्या पोराचं होतं. अगदी त्याचंच. पण आईला बघून पोराच्या तोंडावर काहीतरी हलतं ना? राग तरी हलतो.

तिथं काही हलत नव्हतं.

मिळेल त्या जीपनं इंदापूर गाठलं. गाडी स्टँडवर उभी होती. मशिन चालू. वाफ येत होती. फळीवर एक कप भरलेला, वरचा फेस अजून बसला नव्हता.

आत कुणी नव्हतं.

"बिरदेव!" मी हाका मारल्या. स्टँडवरची माणसं गोळा झाली. कॉफीवाल्याला कुणी बघितलं नव्हतं. एकजण म्हणाला, "मावशी, ह्या गाडीवर कुणी नसतंच की कधी."

घरी आले तर तो पाटावर बसलेला. खांद्यावर पांढरा टॉवेल.

सुकन्यानं त्याला वाढलं. त्याच्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी पणदऱ्याला माहेरी गेली, ती आली नाही. कारण मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. कंपनीची माणसं येऊन गाडी घेऊन गेली.

लोक पुन्हा मला साहेबाची आई म्हणतात.

पण दिवस कलला की अंगणात, गाडी उभी राहायची तिथं... फिस्स्स.

वाफेचा आवाज. आणि अगदी बारीक, "आये, फेस जास्त घालू?"

मी धावत जाते. म्हणते, घाल बाबा, पिते मी. अंगणात कुणी नसतं. कॉफीचा वास मात्र असतो.

परवा रविवारी तो जेवत होता. बाहेर आवाज आला. त्यानं मान वर केली नाही, घास चावत राहिला. मी त्याच्या ताटासमोर जाऊन उभी राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"माझं पोर असतास तर एवढ्यात मला चार शब्द सुनावलं असतंस. तू कोण हायस ते मला इचारायचं न्हाय. पर ही जागा मी धरली व्हती, माझ्या बिरदेवसाठी. तुझ्यासाठी न्हाय. ऊठ!"