बुडालेली चंद्रकोर

"ओढा रे! जोर लावा!" बाबा काठावरून ओरडत होते. सगळे गडी दोराला लोंबकळले होते, पण चंद्रदेव नन्नाची नाव गाळातून तसूभर हलेना.

निनकल्ला गर्दीतून पुढे घुसली. अकितू सणाची सुट्टी, ऊर नगरीचा देव नावेत बसून गएशच्या उत्सवघराला निघालेला आणि नाव ओढणाऱ्यांचे मुकादम तिचे बाबा! आणि आजच नाव दुसऱ्यांदा रुतली होती.

नावेत छत्राखाली पुजारी लुगलमे बसला होता. या ध्यानाचा घामसुद्धा नोकर पुसत असत! त्याने दोन्ही हात वर केले.

"देव कोपलाय! या मुकादमाच्या पापाने देव जड झालाय! उत्सव संपला की याला दलदलीत कालवे खणायला पाठवा!"

दलदलीत गेलेली माणसं तापाने मरत. सगळ्यांना ते ठाऊक होतं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. काल बाबांच्या पाठीवर थाप मारणारेही डोलावत होते. मेंढरं परवडली, निदान ती ओरडतात तरी! निनकल्लाला त्यांची शिसारी आली.

"रडू नकोस गं," शेजारचा उरदू म्हणाला. तो मातीच्या पाट्यांवर लिहायच्या शाळेत जायचा आणि रोज छड्या खायचा.

"रडतंय कोण? त्या ढोल्यावर थुंकावंसं वाटतंय!"

"थुंक नंतर. आधी बघ, नावेवरची चंद्रकोर कुठंय?"

नावेच्या डांबर फासलेल्या बाजूवर पांढरी चंद्रकोर रंगवलेली होती. दरवर्षी ती पाण्याच्या वर झळकायची. आज तिची फक्त टोकं दिसत होती.

"अरेच्चा! नाव खरंच जड झालीय!"

"पापाला वजन असतं तर आमचे गुरुजी कधीच जमिनीत गेले असते," उरदू म्हणाला. "त्यात माल भरलाय! व्यापाऱ्यांच्या नावा घाटावर तपासतात, राजाचा वाटा घेतात. देवाची नाव कोण तपासणार?"

"पण आपण तरी कसं बघायचं? तिच्यात पाय ठेवला तर जीव जाईल!" निनकल्ला म्हणाली.

मग तिचं तिलाच सुचलं आणि ती एकदम हसली. "पाय कशाला ठेवायचा? गएशला देव उतरतोच की!"

नाव एकदाची निघाली. गएशच्या घाटावर राजाची लेक उभी होती. ती नन्नादेवाची महापुजारीण, देवाशी लग्न लागलेली. देवाची मूर्ती उतरू लागताच रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी कपाळं जमिनीला टेकली. दोन डोकी तेवढी वर राहिली. मूर्ती घाटावर आली, तरी चंद्रकोर होती तिथेच!

"आईसाहेब!" निनकल्ला ओरडली. "देव उतरला, मग नाव वर का आली नाही?"

"गप्प बस, कार्टे!" लुगलमे खेकसला. "देवाला का वजन असतं?"

"मग मघाशी माझ्या बाबांच्या पापाने जड कोण झालं होतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. लुगलमेचा चेहरा उतरला. "नावेत... नावेत भेटी आहेत! नन्नादेव वडिलांना, एनलिलदेवाला, नावेतून भेटी नेतात. पुराण ऐकलं नाहीस वाटतं?"

"मी पाठ केलंय, छड्या खाऊन!" उरदू पुढे आला. "एनलिलदेव निप्पूरला राहतात. इथं कधी आले? आणि पुराणातल्या भेटींत कोकरं आहेत, मासे आहेत. नावेच्या फळ्यांखाली मासे असते तर एव्हाना वास सुटला असता!"

आता मात्र सगळा घाट हसला. मघाशी माना डोलावणारेच सर्वांत मोठ्याने!

महापुजारिणीने हुकूम केला. फळ्या उचलल्या, तर खाली तांब्याच्या लाद्याच लाद्या! एकेक लादी बाहेर आली, तशी चंद्रकोर हळूहळू पाण्याबाहेर आली.

"माझ्या नवऱ्याच्या नावेतून चोरटं तांबं!" महापुजारीण कडाडली. मग मुलांकडे वळली. "एवढ्या जमावात डोळे तुम्ही दोघांनीच उघडे ठेवलेत, बाळांनो. शाबास! मुकादम, दोर तुमचाच. आणि परतीला लुगलमेलाही दोराला जुंपा."

बाबांनी निनकल्लाला उचलून खांद्यावर घेतलं आणि घट्ट धरून ठेवलं.

परतीच्या वाटेवर लुगलमे धापा टाकत, घसरत, चिखलाने माखून दोर ओढत होता. बाबांच्या खांद्यावरून निनकल्ला वाकली आणि गोड आवाजात म्हणाली,

"काय हो बुवा, देव जड लागतोय का?"