हिरवे चेहरे

"एक तर माझ्यावर कुणीतरी डूख धरलाय, नाहीतर मला वेड लागलंय. दोन्हींपैकी खरं काय, तेवढं शोधून द्या," खुर्चीत बसायच्या आधीच म्हातारा म्हणाला.

ताईने त्याला बसायची खूण केली. जळालेल्या गोदामांची विम्यासाठी चौकशी करण्यात तिची उमेद गेली होती. निवृत्तीनंतर ती लोकांच्या घरातल्या आगी शोधून द्यायची. तिचा भाऊ दुपारी औषधांचं दुकान बंद करून तिच्याकडे येऊन बसे. केस पांढरे झाले तरी त्याला सगळे धाकटाच म्हणत. ताईशेजारी बसलं की आपण किती मठ्ठ आहोत हे त्याला दर वेळी नव्याने कळायचं. तरी तो यायचा.

म्हाताऱ्याला त्याने ओळखलं होतं. शहरातली सगळी चित्रकार मंडळी त्यांना मास्तर म्हणत. माणसाची कातडी रंगवावी तर मास्तरांनीच, अशी ख्याती.

"परवा माझं प्रदर्शन उघडलं," मास्तर म्हणाले. "आमच्या चित्रकार मंडळातल्या माणसांचे चेहरे. वर्षभर काढत होतो. पुरं होईतो मी चित्र कुणाला दाखवत नाही. हॉल फुलला होता. एका बाईने माझा हात धरला. म्हणाली, मास्तर, या वयात सगळे चेहरे हिरवे रंगवायला छाती लागते. मी म्हटलं, कुठले हिरवे?"

"मग?"

"सगळे हसले. म्हातारा थट्टा करतोय असं वाटलं त्यांना. टाळ्या पडल्या."

टाळ्या पडल्या तर हे रडवेले का, हे धाकट्याला कळेना.

"तुम्हाला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही," ताई म्हणाली.

मास्तरांनी मान खाली घातली. "दोन वर्षं झाली. दोन्ही मातीसारखे दिसतात. डॉक्टर सोडून कुणाला सांगितलं नाही, आणि डॉक्टरही परगावचा गाठला. चेहऱ्याला मी गेरूच्या जातीचा लाल वापरतो. पडद्यांना, कपड्यांना तितकाच गडद हिरवा. नळ्यांवरची नावं आठ दिवसांत रंगाने माखतात. म्हणून लाल नळीच्या झाकणाला ब्लेडने खाच पाडली. बोटाला खाच लागली की लाल."

"आणि आता?"

"काल माखलेला रंग खरवडून, भिंग लावून नळ्यांवरची नावं वाचली. खाचेचं झाकण लाल नळीवरच आहे, जिथल्या तिथे. म्हणजे मी लालच वापरला. मग चेहरे हिरवे कसे झाले, बाई? की माझं डोकंच फिरलंय?"

"स्टुडिओत कोण कोण येतं?"

"तिघंच. माझी लेक रोज जेवण घेऊन येते, झाडलोट करते. माझा पट्टशिष्य कॅनव्हास ताणून देतो. आणि गॅलरीवाली. चित्रं न्यायच्या दिवशीही तिघं तिथेच होती."

*

स्टुडिओ जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होता. टर्पेंटाइनचा वास, उत्तरेच्या खिडकीतला थंड उजेड, टेबलावर नळ्यांची रांग. ताईने दोन मोठ्या नळ्या उचलल्या. हिरवी शेपटाकडून गुंडाळत पार मानेपर्यंत आली होती. लाल मात्र पोट भरलेल्या मांजरासारखी गुबगुबीत.

"वर्षभर चेहरे रंगवले, आणि संपला हिरवा," ती पुटपुटली.

मग तिने खाचेचं झाकण फिरवून काढलं आणि धाकट्यासमोर धरलं. झाकणाच्या आत हिरव्या रंगाची सुकलेली खपली होती.

"लाल नळीच्या झाकणात हिरवा?" धाकटा म्हणाला.

"हे झाकण बरेच दिवस हिरव्या नळीवर होतं. दोन नळ्यांची झाकणं कुणीतरी आपसात बदलली, आणि चित्रं पुरी झाल्यावर पुन्हा जागच्या जागी लावली. मास्तर, तुम्हाला वेड लागलेलं नाही. कुणीतरी लावत होतं."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. दुपारच्या गोळ्या घ्यायच्या राहिल्या, असं म्हणत त्यांनी खिडकीतला प्लास्टिकचा डबा ओढला. धाकट्याने सवयीने आत डोकावून पाहिलं. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या गोळ्या एकाच डब्यात खेळीमेळीने नांदत होत्या. बाजूला पत्र्याच्या दोन डब्या होत्या, एक गोल, एक चौकोनी. गोल डबीत छोट्या लाल गोळ्या, चौकोनीत तेवढ्याच आकाराच्या हिरव्या.

"झकास सोय आहे," धाकटा म्हणाला. "या दोन सारख्याच दिसतात. माझ्या दुकानात म्हातारी माणसं नेहमी घोळ घालतात."

"लेकीनं केलीय. सकाळची गोल डबीत, रात्रीची चौकोनीत."

"कधीपासून?" ताईने विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून. ही चित्रं सुरू केली त्याच्या थोडं आधी."

ताईने डब्या परत खिडकीत ठेवल्या आणि पर्स उचलली.

*

गॅलरीवाली टेलिफोनवर होती. तिच्या मागे भिंतभर हिरवे चेहरे टांगले होते. बुडालेल्या माणसांसारखे दिसत होते सगळे. मंडळातली माणसं आपापल्या चेहऱ्यापुढे उभी राहून कौतुकाने फोटो काढून घेत होती.

"स्टुडिओत काही गडबड झाली म्हणता? झाली असेल," फोन ठेवून ती म्हणाली. "मला काय त्याचं? इतकी वर्षं मास्तरांची ती गुलाबी गालांची चित्रं टांगली. लोक यायचे, सरबत प्यायचे, जायचे. या वेळी बघा." तिने चित्रांखालच्या टिकल्या दाखवल्या. "विकलं गेलं की लाल, राखून ठेवलं की हिरवी. उद्घाटनाला मी मुद्दाम दोन वार्ताहरांना मास्तरांपाशी नेलं. म्हटलं, मास्तर, हॉलभर नजर फिरवा आणि यांना सांगा, लाल टिकल्या जास्त की हिरव्या?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तूच सांग. तोऱ्यात! मोठा माणूस आहे."

जिना उतरताना धाकटा म्हणाला, "हिचंच काम दिसतंय. फायदा सगळा हिचा झालाय."

"फायदा झालाय खरा," ताई एवढंच म्हणाली.

पट्टशिष्याची खोली जवळच होती. तो चाळिशीचा, गोड बोलणारा, अंगाने थोराड. त्याने खुर्च्या पुढे केल्या, पण स्वतः भिंतीशी पाठ लावून उभाच राहिला. त्याच्या मागे काही कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवले होते.

"मास्तर म्हणजे देव," तो म्हणाला. "देवाचा मार खाऊनच मोठा झालोय. चित्र आवडलं नाही की टर्पेंटाइनचा बोळा घ्यायचे आणि सगळ्या वर्गासमोर पुसून टाकायचे. माझी चार तरी पुसली. मी कोडगा, टिकलो. त्यांच्या लेकीचं एकदाच पुसलं. म्हणाले, हिला रंगच कळत नाहीत, हिला पोळपाट-लाटणं द्या. वर्ग खो खो हसला. मीसुद्धा."

"मग?"

"तिने ब्रश सोडला. आता कापडाच्या कारखान्यात असते कुठेशी."

धाकट्याला मागे सरकायला जागा हवी होती. त्याचं कोपर लागलं आणि एक कॅनव्हास धाडकन उताणा पडला. त्यावर एका तरुणीचा चेहरा होता. हिरवागार.

शिष्याचं तोंड लालबुंद झालं. "मागच्या हिवाळ्यात मास्तर बाहेर गेले असताना मी एका चित्रावरचा कपडा वर केला होता. पाहिलं आणि झोप उडाली. वाटलं, म्हाताऱ्याला नवीन वाट सापडली. आपणही… पुढच्या महिन्यात माझं प्रदर्शन आहे. मास्तरांना सांगू नका, पाया पडतो."

बाहेर आल्यावर धाकट्याने दातओठ खाल्ले. "चोर! अपमानही झालेला, जाणं-येणंही होतं. मी म्हणतो, हाच."

"घटकाभरापूर्वी गॅलरीवाली होती ना?"

लेक कारखान्याच्या छोट्या खोलीत भेटली. तिच्या टेबलावर कापडाचे तुकडे पसरलेले होते. मागवलेला रंग आणि छापून आलेला रंग तंतोतंत जुळतो का, ते पाहणं हे तिचं काम. बोलता बोलता तिने एकसारख्या दिसणाऱ्या दोन चिंध्यांतली एक बाजूला टाकली. धाकट्याला दोन्हींत काडीचा फरक दिसेना.

"बाबांचं ऐकून फार वाईट वाटलं हो," ती म्हणाली. "कुठले हिरवे, असं त्यांनी विचारलं तेव्हा सगळे हसले. मला मात्र कळलं, यांना दिसतच नाहीये. त्याआधी शंकासुद्धा आली नव्हती. मुलगी म्हणवून घ्यायची लाज वाटते."

तिचे डोळे पाणावले. धाकट्याने आपला रुमाल पुढे केला. ताईने तिच्याकडे पाहिलं, मग चिंध्यांकडे.

"उद्या सकाळी गॅलरीत या," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलावतेय."

*

सकाळी गॅलरी लोकांसाठी उघडायच्या आधी पाच जण हिरव्या चेहऱ्यांखाली बसले. ताई उभी होती. झाकणांची हकीकत तिने चार वाक्यांत सांगितली. मास्तरांना रंग दिसत नाहीत हे ऐकून शिष्याने डोकं धरलं. गॅलरीवालीने उठून काचेचं दार आतून लावलं.

"झाकणं बदलण्यात काही करामत नाही," ताई म्हणाली. "स्टुडिओत तिघंही जात होते. पण झाकणं बदलून काय साधेल, हे कुणाला कळेल? ज्याला मास्तरांचे डोळे गेलेत हे ठाऊक आहे त्यालाच. तेव्हा मी एवढंच शोधलं, की ठाऊक कुणाला होतं."

ती गॅलरीवालीकडे वळली. "तुम्हाला नव्हतं. असतं तर वार्ताहरांसमोर मास्तरांना लाल आणि हिरव्या टिकल्यांबद्दल विचारलं नसतं. ते चुकले असते तर तुमचं प्रदर्शन तिथेच आटोपलं असतं. आपल्याच दुभत्या गाईला कुणी दगड मारत नाही."

गॅलरीवालीने या उपमेवर नाक मुरडलं, पण मान हलवली.

"आणि तुम्ही," ताई शिष्याला म्हणाली, "तुम्ही मास्तरांचा हिरवा चोरलात. ही चूक आहे हे ठाऊक असलेला माणूस ती उचलून स्वतःच्या प्रदर्शनात कशाला टांगेल? तुम्ही चोर आहात, म्हणूनच या गुन्ह्यातून सुटता."

"माझा हिरवा?" मास्तर गरजले. शिष्य खुर्चीत आक्रसला.

"राहता राहिली ती." ताईचा आवाज खाली आला. "बाई, तुम्ही म्हणालात, बाबांना दिसत नाही हे उद्घाटनाच्या दिवशी कळलं. पण गेल्या उन्हाळ्यात तुम्ही त्यांच्या गोळ्यांची सोय केलीत. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या सगळ्या एकाच डब्यात टाकल्यात. वेगळ्या काढल्यात त्या फक्त दोन, लाल आणि हिरवी. त्याही अशा डब्यांत, की हाताला आकार कळावा. हे डोळस माणसासाठी करत नाहीत. बाकीचे रंग त्यांना ओळखू येतात आणि हेच दोन येत नाहीत, हे चित्रं सुरू व्हायच्या आधीपासून तुम्हाला पक्कं ठाऊक होतं."

धाकट्याने कपाळावर हात मारला. झकास सोय, असं तो आपल्या तोंडाने म्हणाला होता.

लेकीने रडायचं नाटक केलं नाही. उलट ती ताठ बसली.

"औषध चुकून मरू द्यायचे नव्हते मला," ती म्हणाली. "जगायला हवे होते ते. या हॉलमध्ये उभे राहायला हवे होते. लोक खो खो हसतील, कुणीतरी म्हणेल, मास्तरांना रंगच कळत नाहीत, एवढंच मला ऐकायचं होतं. एकदा." तिने भिंतींकडे हात केला. "आणि या मूर्खांनी टाळ्या वाजवल्या."

"म्हणून झाकणं परत लावली? मला वेड लागलंय असं वाटावं म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"हो. हसू नाही मिळालं, निदान तेवढं तरी." ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली. "बोळ्याने पुसलंत तुम्ही माझं चित्र. आईचं चित्र होतं ते. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं."

मास्तरांनी कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"मला नाही आठवत," ते म्हणाले.

लेकीने कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी मान वळवली. मग एकदम ओरडली, "दार उघडा. मी सांगते सगळ्यांना! यांना काही दिसत नाही, ही चित्रं खोटी आहेत!"

"कुणाला सांगणार?" गॅलरीवालीने शांतपणे विचारलं. "लोक म्हणतील, बापाचं नाव झालेलं लेकीला बघवत नाही. काय हो?"

"अगदी," शिष्य घाईने म्हणाला. त्याचे हिरवे चेहरे पुढच्या महिन्यात लागायचे होते.

धाकट्याला तिथे बसवेना. त्याने बहिणीकडे पाहिलं. या लोकांना ती काहीतरी चरचरीत सुनावेल असं त्याला वाटलं. पण ताईने पर्स उचलली. तिच्याकडे जे मागितलं होतं ते तिने देऊन टाकलं होतं.

मास्तर उठले. काठी टेकत एका चित्रासमोर गेले आणि नाक टेकेल इतक्या जवळून ते पाहू लागले. त्यांना तिथे माती दिसत होती, की आणखी काही, कोण जाणे. बराच वेळ त्यांनी चेहऱ्याच्या गालावरून हवेत बोट फिरवलं.

"उद्यापासून नळ्या तू लावून देत जा," ते वळून न बघता लेकीला म्हणाले. "कुठला, किती, ते तू ठरव. मी हात चालवीन. बाहेर अवाक्षर काढायचं नाही. सही माझी."

"मी? मेले तरी नाही येणार."

"येशील." ते वळले. "माझ्या हाताखाली इतकी पोरं गेली, एकाला जमलं नाही हे. रंग बरा लागलाय तुझा."

लेकीचा चेहरा क्षणभर कोरा झाला. हातातला धाकट्याचा कालचा रुमाल खाली पडला. एवढी मोठी बाई, डोक्यात रुपेरी बटा, आणि अंगणातल्या पोरीसारखी ती दोन पावलं पुढे आली.

"खरंच, बाबा?" तिने विचारलं.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते गॅलरीवालीशी पुढच्या प्रदर्शनाबद्दल बोलत होते: भिंती पांढऱ्याच ठेवायच्या, की थोड्या करड्या.