दोन नंबरच्या खोलीतला वास

वैष्णवीने पर्समधून एक झेरॉक्स काढली आणि मानसिंगच्या हातात दिली. खोलीत वयाने मोठा माणूस दिसला की कागद आधी त्याच्याकडे जायचा. तपास ताईंचा, आपण नुसते सोबतीला, हे मानसिंगला दर वेळी सांगावं लागे. त्याने कागद ज्ञानदा देगावकरसमोर सरकवला.

ज्ञानदाने बारा वर्षं विमा कंपन्यांसाठी दवाखान्यांच्या फायली तपासल्या होत्या. आता ती स्वतःची कामं घेत असे. मानसिंग तळेकर केम गावचा, जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेला. गाडी चालवायची आणि लोकांना बोलतं करायचं, ही त्याची कामं.

फाइल इंग्रजीत होती. एका ओळीखाली लाल रेघ मारलेली होती. पेशी दिल्यानंतर खोलीत लसणासारखा वास आला, असं त्या ओळीत म्हटलं होतं.

"ही रेघ माझ्या नवऱ्याची," वैष्णवी म्हणाली. "या एका ओळीवर त्यांनी मला घराबाहेर काढलं. सृष्टीला ठेवून घेतलं. चार वर्षांची आहे. बावीस दिवस झाले, फोनवरसुद्धा बोलू देत नाहीत."

"सुरुवातीपासून सांगा."

तिचे सासरे आप्पा माळशिरसचे. त्यांना मायलोमा होता, हाडांच्या मज्जेचा कॅन्सर. सोलापूरच्या एका खासगी हॉस्पिटलात डॉक्टरांनी उपाय सुचवला: त्यांचीच मज्जा कमरेच्या हाडातून काढून गोठवून ठेवायची, मग एका जालीम औषधाने अंगातली सगळी मज्जा संपवायची आणि दोन दिवसांनी जपलेल्या पेशी रक्तातून परत द्यायच्या.

"बी काढून ठेवायचं, रान जाळायचं आणि पुन्हा पेरायचं, असं डॉक्टरांनी आप्पांना समजावलं. आप्पा हसले होते. म्हणाले, बी माझंच हाय न्हवं, मग उगवंल की."

उगवलं नाही. एकोणिसाव्या दिवशी आप्पा गेले. बाहेरच्या खाण्यातून जंतू गेले असावेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग नवऱ्याच्या हाती फाइल आली.

"लसूण म्हणजे शेंगाचटणी, आणि माझा डबा यायचा जुळे सोलापुरातून, माहेराहून. म्हणजे चटणी मीच दिली."

"दिली होती?"

"नाही. मी डबा बाहेर पँट्रीत खायचे."

"मग वास कशाचा होता?"

"ताई, तेच तर सांगतेय. वास नव्हताच."

ज्ञानदाचं पेन थांबलं. "नक्की?"

"दिवसभर आत होते मी. आमच्या खोलीत फिनेल सोडून कसलाच वास नव्हता. वास होता तो शेजारच्या चंद्रव्वांच्या खोलीला, एक नंबरला. त्यांना आमच्या आठ दिवस आधी, गुरुवारी पेशी दिल्या होत्या. आम्ही शनिवारी दाखल झालो, तेव्हाही थोडा येत होता. त्यांच्या लेकीला, श्रीदेवीला, साफसफाईच्या शिवबाई मावशी किती बोलल्या. ती बिचारी शपथा घेत होती, चटणी आणलीच नाही म्हणून."

मानसिंगला पोरीची दया आली. "बाळ, वास होता पण चटणी नव्हती, असं म्हणालीस तरी भागतंय की."

"नव्हता तर होता कशाला म्हणू?"

"म्हणू नका," ज्ञानदा म्हणाली. "काहीही झालं तरी म्हणू नका."

तिचा आवाज एकदम उतरला होता. का, ते मानसिंगला कळलं नाही.

"पेशी देताना काय पाहिलंत?"

"काहीच नाही. श्रीदेवीने सांगितलं होतं, पिशवीतून पांढरा धूर निघतो, खोलीतच कोमट पाण्यात ठेवून वितळवतात. मी बघायला उभी होते. आमची पिशवी ट्रेमध्ये झाकून आणली, पातळ झालेली. अभिमन्यूने आणली, लॅबवाल्याने. डॉक्टर नंतर आले, तेव्हा पिशवी अर्धी संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डॉक्टर बराच वेळ दारात उभे होते. मला विचारलं, काल कुणी खिडकी उघडली होती का?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणाले. आणखी काय म्हणणार?"

*

हॉस्पिटलने आडकाठी केली नाही. बाहेरच्या खाण्याची गोष्ट तिथे सगळ्यांच्याच सोयीची होती.

दोन नंबरची खोली रिकामी होती. भिंतीत मोठी काच होती, चारही कडांनी पक्की बसवलेली. ज्ञानदाने तिच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ती बाहेर आली.

शिवबाई मावशी पँट्रीच्या पायरीवर बसून चहा पीत होत्या. मानसिंग त्यांच्या शेजारी टेकला.

"लई दिस झालं का हितं कामाला?"

"झाली की सात वर्सं. तुमी पोलीस का?"

"छ्या. म्हशींचा कंपाउंडर."

शिवबाई हसल्या. "मंग हितं कुणाला बघाया आलाव, डागदरला?"

दुसऱ्या घोटाला त्या मोकळ्या झाल्या. म्हातारा चांगला होता, म्हणाल्या. औषध चढलं त्या मंगळवारी तासभर तोंडात बर्फ धरून होता, तोंड येऊ नये म्हणून. "बर्फ म्याच आणून द्यायची. आदल्या दिशी कंबर धरलीवती माजी, तरी दिला."

"कंबर कशानं?"

"सोमवारी सकाळी लॅबात पानीच पानी. त्या नळकांड्यापासनं दारापतुर. एशीचं आसंल. दोन बादल्या निघाल्या. त्यो अभिमन्यू शनवारी गावाकडं गेलता, सोमवारी आला आन् दारातच उभा ऱ्हायला. पाय भिजतील म्हनून."

मानसिंगने मान डोलावली. एसीचं पाणी त्याच्याही घरात गळत असे.

लॅबमध्ये अभिमन्यूने त्यांना पेशी गोठवून ठेवायची द्रव नायट्रोजनची टाकी दाखवली. स्टीलची, कमरेइतकी उंच. तिच्या कड्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं.

"नवी दिसत्येय," मानसिंग म्हणाला. "आमच्याकडंबी हेच असायचं, लहान. वळूचं वीर्य ठेवायला. पातळी कांडीनं बघता ना? कांडी बुडवायची, बर्फ कुठवर धरतं ते मोजायचं."

"तसंच, काका. जुनी सर्व्हिसिंगला दिलीय."

"आणि गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून? आम्ही ग्लिसरीन घालायचो."

"आम्ही दुसरं औषध घालतो. पिशवीत पेशींबरोबर तेही अंगात जातं. चालतं तेवढं."

"त्या आठवड्यात टाकीत किती पिशव्या होत्या?" ज्ञानदाने विचारलं.

"दोन. चंद्रव्वांची गुरुवारी काढली. मग आप्पांचीच राहिली."

"पातळी रोज बघता?"

"रोज, मॅडम. सुट्टीतसुद्धा मीच."

रजिस्टर नीट होतं. गुरुवार चोवीस सेंटिमीटर, शुक्रवार तेवीस, शनिवार बावीस, रविवार एकवीस, सोमवार वीस. सगळीकडे एकच सही.

"शहाणी टाकी आहे," मानसिंग जिना उतरताना म्हणाला. "रोज मोजून एक सेंटिमीटर. आमची तर झाकण उघडलं त्या दिवशी दोन-तीन उतरायची."

ज्ञानदा पायरीवर थांबली. "काका, हे वरच का नाही म्हणालात?"

"पोराला वाईट वाटलं असतं."

डॉ. राजस माढेकर मृदू बोलणारे, पन्नाशीचे. त्यांनी चहा मागवला.

"सूनबाईंना मी दोष देत नाही," ते म्हणाले. "प्रेमापोटी होतं असं. म्हातारा माणूस, तोंडाला चव नाही."

"वासाची ओळ तुम्ही लिहिलीत?"

"जाणवलं ते लिहिलं."

"त्याचा अर्थ चटणी, असं वैष्णवींच्या नवऱ्याला, ऋतुराजना, तुम्ही सांगितलंत?"

"त्यांनी तसा अर्थ घेतला."

"तुम्ही खोडला नाहीत."

डॉक्टरांनी कपाखालची बशी सरळ केली. "शोकातल्या माणसाशी वाद घालत नाही मी."

ज्ञानदाने चंद्रव्वांची फाइल पाहायला मागितली. लेकीच्या, श्रीदेवीच्या संमतीपत्राचा फोटो तिने आधीच मागवून घेतला होता. तीन पानं वाचून तिने फाइल परत केली.

ऋतुराज संध्याकाळी ऑफिसात आला. धिप्पाड, दाढी वाढलेली. त्याने खुर्ची घेतली नाही.

"तिनं तुमाला पैसं दिलं आसतील, तुमी तिचंच बोलनार."

"एकच प्रश्न आहे. उपचाराआधी तुमचं रक्त तपासलं होतं?"

"व्हय. आर्धं जुळलं. डागदर म्हनलं, त्येबी चाललं आसतं, पन आप्पांचं सोताचंच चांगलं. परकं अंगाला पटंल न पटंल. म्या तवाच म्हनलं, माजं घ्या. घेतलं न्हाय."

"उद्या अकरा वाजता हॉस्पिटलात या."

"कशापायी?"

"वैष्णवीही येतील. त्यांच्यासमोर ऐका."

*

डॉक्टरांच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. शिवबाई दाराशी उभ्या राहिल्या, अभिमन्यू कपाटाला टेकून. वैष्णवी आणि ऋतुराज टेबलाच्या दोन टोकांना होते.

"दोन खोल्या," ज्ञानदाने सुरुवात केली. "एकीत लसणाचा वास दोन दिवस होता आणि चटणी नव्हती. दुसरीतही चटणी नव्हती, पण फाइलप्रमाणे वास होता. मी आधी तेच धरून चालले. मग वैष्णवी म्हणाल्या, वास नव्हताच. होता म्हणणं त्यांच्या फायद्याचं होतं, कारण वासाचं खरं कारण मी एका वाक्यात सांगितलं असतं आणि त्या सुटल्या असत्या."

"कसलं कारन?" ऋतुराज म्हणाला.

"पेशी गोठताना फुटू नयेत म्हणून घालतात ते औषध. पेशींबरोबर ते अंगात जातं आणि श्वासावाटे बाहेर पडतं. त्याला लसणासारखा वास असतो. गोठवलेल्या पेशी ज्याला दिल्या, त्याच्या खोलीला दिवस-दोन दिवस तो येतोच. चंद्रव्वांच्या आला. आप्पांच्या आला नाही. म्हणजे आप्पांना जे दिलं ते टाकीतून आलेलं नव्हतं."



"पिशवी झाकून आली, आधीच पातळ. धूर नाही, कोमट पाणी नाही. मग टाकीतल्या पिशवीचं काय झालं? काका, सोमवारी लॅबमध्ये दोन बादल्या पाणी कशाचं होतं?"

मानसिंगला हे कालच, त्या पायरीवर बसूनच कळायला हवं होतं. तीस वर्षं त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"टाकीचं," तो सावकाश म्हणाला. "टाकीच्या दोन भिंतींमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली की नायट्रोजन उडून जातो. बाहेरून बर्फ धरतं. आतलं संपलं की ते बर्फ वितळतं. एसी दोन बादल्या नाही गळत."

"सोमवारी टाकी कोरडी होती आणि रजिस्टरात वीस सेंटिमीटर आहे. शनिवारी-रविवारी अभिमन्यू गावाला होते, तरी सही त्यांचीच. चंद्रव्वांची पिशवी काढायला झाकण उघडलं, तरी पातळी एकच उतरली. कांडी कित्येक दिवस बुडलीच नव्हती."

अभिमन्यू कपाटाला पाठ घासत खाली बसला.

"पिशवी फाटली होती," तो म्हणाला. "वितळून तळाशी सांडलं होतं सगळं. मी तपासणीला आलेलं त्यांचंच रक्त सलाइनमध्ये मिसळलं. म्हटलं, निदान त्यांचंच... नोकरी गेली असती, मॅडम."

"हे सोमवारी. आप्पांच्या तोंडात बर्फ मंगळवारी."

मानसिंगला आधी उमगलं नाही. मग उमगलं. रान जाळायच्या आधी एक आख्खा दिवस हातात होता. एक शब्द बोलला असता तर औषध चढलंच नसतं. मज्जा पुन्हा काढता आली असती.

"सर कामात होते," अभिमन्यू पुटपुटला. "मी दोनदा दारापर्यंत गेलो."

"मला यातलं काही माहीत नव्हतं," डॉ. माढेकर म्हणाले.

"मंगळवारी नव्हतं. शुक्रवारी सकाळी होतं. तुम्ही दारात उभं राहून वास शोधलात. नाही आला, म्हणून विचारलंत, खिडकी उघडली होती का. त्या खोलीला उघडणारी खिडकीच नाही, आणि ती खोली तुम्हीच बांधून घेतलीय. बुडत्याने विचारावा तसा प्रश्न होता तो."

"हा तुमचा तर्क आहे."

"चंद्रव्वांच्या खोलीला सगळा मजला नाक दाबत होता, आणि त्यांच्या फाइलीत वासाचं अक्षर नाही. कारण तो असतोच, कुणी लिहीत नाही. आप्पांच्या खोलीत नव्हता, म्हणून फाइलीत लिहिलात. पुढेमागे कुणी विचारेल, एवढ्यासाठी. त्याच ओळीने ही बाई घराबाहेर गेली, आणि तुम्ही तिला जाऊ दिलंत."

"सर शुक्रवारी लॅबमध्ये आले होते," अभिमन्यू जमिनीकडे बघत म्हणाला. "मी सांगितलं सगळं. सर म्हणाले, आता बोलून उपयोग नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आज सकाळी पोलिसांकडे आणि मेडिकल कौन्सिलकडे अर्ज दिलाय," ज्ञानदा म्हणाली. "रजिस्टरच्या फोटोंसह. मला आणखी काही सांगायचं नाही."

पण ऋतुराज उठला होता. तो ओरडला नाही.

"डागदर. शुक्रवारी तुमाला ठावं हुतं. आप्पा त्याफुडं अठरा दिस जिते हुते."

"हो."

"म्या भायेरच्या बाकड्यावर बसून हुतो. माजं आर्धं जुळत हुतं."

"शक्यता कमी होती," डॉ. माढेकर म्हणाले. "घाईत केलं असतं तर शंभरात तीस. कदाचित."

"तीस," ऋतुराज म्हणाला.

तो बाहेर पडला. बाकीचेही एकेक करून उठले.

मानसिंग पॅसेजमध्ये आला, तेव्हा नवरा-बायको काचेच्या भिंतीपाशी उभे होते. त्यांच्यात हातभर अंतर होतं.

"चल," ऋतुराज म्हणत होता. "गाडी आनलीया. घरला चल."

"सृष्टीला आज आणून सोडा. आईकडे."

"आन् तू?"

"तुम्हाला इंग्रजी वाचता येत नाही. ती ओळ दुसऱ्याकडून वाचून घेतलीत. मी घरातच होते, शेजारच्या खोलीत. मला एकदा विचारायचं होतंत."

ऋतुराजने खिशातून फोन काढला, नंबर लावला, पलीकडच्या कुणाला तरी पोरीला बोलवायला सांगितलं. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला. वैष्णवीने तो दोन्ही हातांनी घेतला.

"सृष्टी? आई बोलतेय गं."

पलीकडून आवाज आला. शांत पॅसेजमध्ये तो मानसिंगलाही ऐकू आला.

"आई, आत्या म्हनती आप्पा तुज्यामुळं गेले. खरं का?"

वैष्णवीने फोन कानावरून काढला आणि नवऱ्याच्या हातात परत दिला.

"तुम्ही सांगा."

ऋतुराज फोनकडे बघत राहिला. पोरगी पलीकडून हाका मारत होती.

"सांगा," वैष्णवी म्हणाली. "मी थांबते."

त्याने फोन कानाला लावला. 

"न्हाय, बाळा," तो शेवटी म्हणाला. "खोटं हाय ते. आत्याला म्या सांगिटलं हुतं."