तात्यांचं उत्तर

पद्माकाकूंनी संगणकाचा प्लग खसकन ओढला. पडदा काळा झाला. मग त्यांनी तो पुन्हा लावला आणि चहाचा कप घेऊन समोर बसल्या. त्यांचे यजमान भूपाल मगदूम असते, तर या प्रकारावरून त्यांनी सगळं घर डोक्यावर घेतलं असतं. पण आता ओरडणारं घरात कोणी नव्हतं. म्हणून तर हा उद्योग!

मिरजेच्या या घरात दोघा नवराबायकोंनी मिळून हौशी मंडळींसाठी नाटकं लिहिली. रीत ठरलेली. पुरुषाची वाक्यं काकांची, बाईची काकूंची, फाइल एकच. सकाळी काका टाइप करून उठायचे, दुपारी काकू उत्तर द्यायच्या. शेवटच्या नाटकात तात्या आणि शेवंता हे म्हातारं जोडपं होतं. शेवंता विचारते, "मुलाकडे जाऊन राहायचं का हो?" तात्यांचं उत्तर लिहिता लिहिता काका खुर्चीतच गेले. धावपळीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि संगणकही बंद पडला.

येणारे-जाणारे पांगल्यावर काकूंनी तो सुरू केला, तर फाइल शाबूत! 'लेखनिक' हा त्यांचा लिहिण्याचा प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने मजकुराची एक सावली-प्रत गुपचूप बाजूला ठेवत असे. नीट बंद केलं की ती पुसायची, अचानक बंद पडलं की पुढच्या वेळी तीच समोर धरायची. हे जुनंच. नवी आवृत्ती मात्र आगाऊ होती. शेवटच्या सावली-प्रतीनंतर जे हरवलं असेल, तेही ती लिहिणाऱ्याची धाटणी ओळखून भरून काढी. तात्यांचं वाक्य तिने निळ्या अक्षरांत पुरं केलं होतं: "मुलाकडे? आणि तिथे तुझ्या हातची करपलेली भाकरी कोण देणार मला?"

"अगदी यांचंच!" म्हणून काकू हसल्या, आणि मग पदर तोंडात कोंबून रडल्या.

उत्तर हवं तर संगणक अचानक बंद पडायला हवा, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आलं. रोज दुपारी शेवंताचं वाक्य लिहायचं, प्लग ओढायचा, पुन्हा लावायचा. पुढचं वाक्य हरवलंय असं समजून 'लेखनिक' ते भरायचा, आणि तात्या बोलायचे. काकू 'ठेवा'वर टिचकी मारायच्या. नाटक केव्हाच बाजूला पडलं. तात्या-शेवंता आता भाजीवरून आणि गुडघ्यांवरून बोलत. "मजेत आहे रे मी," असं त्या फोनवर मुलाला सांगत. मजेत कसल्या! दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं एवढंच काय ते होतं.

आज तात्या म्हणाले: "बाई बाई, काय हे ऊन! जीव नकोसा झाला."

काकूंचा चहा तसाच राहिला. भूपाल मगदूम उभ्या जन्मात 'बाई बाई' म्हणाले नव्हते. ते तर काकूंच्या तोंडचं.

त्यांनी शिरीन मुल्लाला बोलावून घेतलं. एके काळी त्यांच्या नाटकांतून काम करणाऱ्या शिरीनचं आता संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. तिने फाइल मागेपुढे करून पाहिली.

"काकू, रोज ओढता प्लग?"

"आधी रागावू नकोस मला."

"रागावत नाही हो. पण तुम्ही 'ठेवा' म्हटलेलं प्रत्येक वाक्य हा प्रोग्राम काकांचंच धरतो आणि त्यावरून पुढचं शिकतो. आणि नवीन लिहिणारं माणूस आता एकच. तुम्ही."

"म्हणजे मी बोलत राहिले, आणि हे कमी कमी होत गेले?"

शिरीनने मान खाली घातली. "शिकलेलं मागे नेता येत नाही, काकू. इथून पुढे नीट बंद करत जा. उत्तर येणार नाही, पण काका उरलेत तेवढे तरी राहतील."

"आणि मी कुणाशी बोलू गं?"

"माझ्याकडे या ना. दुकानात बसा खुशाल."

"येईन," काकू म्हणाल्या. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

शिरीन गेली. काकूंनी चष्मा पुसला आणि शेवंताचं वाक्य लिहिलं: "अहो, आता बोलू नका. तुमच्या वाटचंही मीच बोलायला लागलेय. गप्प राहाल ना माझ्यासाठी?"

नीट बंद करायला एक टिचकी पुरे होती. पण यांना काही विचारायचं आणि उत्तर न ऐकताच उठायचं, हे काकूंना कधी जमलंच नव्हतं. हात प्लगवर जाऊन थांबला होता. या एका प्रश्नाचं उत्तर तरी यांचंच येईल का?