रातांब्याचे राखणदार

रोप सुकत चालले होते आणि ठमू मात्र गप्प होता. असे का, हे जुईला कळेना.

ठमू म्हणजे चंद्रावरच्या वस्तीत काचघराच्या दारात उभा असणारा यंत्रमानव. आत काहीही बदलले की त्याने घंटा वाजवायची, असा प्रोग्रॅम (यंत्राला दिलेल्या सूचना) जुईने स्वतः लिहिला होता आणि तेव्हापासून ती वस्तीभर मान ताठ करून फिरत होती. आज रातांब्याने मान टाकली, तशी तिचीही खाली गेली.

रातांबा म्हणजे ज्याच्या फळाच्या सालीचे कोकम करतात ते झाड. अनंत आजोबांनी हे रोप कोकणातून मांडीवर घेऊन आणले होते. त्यांच्या गावातली बाग केव्हाच समुद्राखाली गेली होती. हे रोप गेले की त्या बागेतले काहीच उरणार नव्हते.

"झोपला होतास का रे?" जुईने विचारले.

"नाही. काचघरात काही बदललं नाही," ठमू म्हणाला.

"अरे, ओलावा एवढा उतरला की!"

"तो रोपाचा. काचघराचा नाही."

यंत्राशी वाद घालून आजवर कोणाचे भले झाले आहे?

आजोबांनी आधी रोपाला पाणी घातले. ते रागावले नाहीत, त्यामुळे जुईला जास्तच रडू आले. मग चष्मा पुसून त्यांनी तिचा प्रोग्रॅम वाचला. तो जावास्क्रिप्टमध्ये होता. ही भाषा आजोबांच्या तरुणपणची, आणि ती पडद्यावर दिसली की त्यांचा चेहरा खुलायचा.

"हे बघ, काचघर हे एक ऑब्जेक्ट (माहिती ठेवलेली वस्तू). त्याच्या पोटात वाफा, वाफ्याच्या पोटात रोप आणि ओलावा हा रोपाचा गुणधर्म. तुझा राखणदार कुठे उभा आहे?"

"काचघराच्या दारात. तो प्रॉक्सी आहे (मूळ वस्तूच्या वतीने देवघेव करणारा)."

"म्हणजे कोणी अख्खा वाफाच बदलला तर त्याला कळेल. पण ओलावा मोजणारं यंत्र येतं आणि म्हणतं, 'वाफा दे.' हा वाफा देतो आणि मोकळा होतो. पुढे ते वाफ्यातून रोपापर्यंत जातं आणि ओलाव्याचा नवा आकडा लिहितं, हे सगळं याच्या पाठीमागे घडतं."

जुई ओशाळली. ठमू खोटे बोलला नव्हता.

आजोबा खिडकीतून दिसणाऱ्या निळ्या पृथ्वीकडे बघत राहिले. "आमच्या गावात असां चलत नाय," ते एकदम गावच्या बोलीत म्हणाले. "शिमेर एक राखणदार, बावर एक, बागेत एक. जेचो तेचो वेगळो." मग हसले. "लहानपणी विहिरीवर जायचं तरी वेशीपासून प्रत्येक राखणदार देवाच्या पाया पडायचं. फार कंटाळा यायचा. आता वाटतं, एकदा तरी पुन्हा तसंच चालत जावं."

"मग मीही प्रत्येक वस्तूला राखणदार लावते," जुई म्हणाली. "पण उद्या नवं रोप आलं तर?"

"आधीपासून लावत बसू नकोस. कोणी आतली वस्तू मागितली, की ती तशीच हातात द्यायची नाही. तिला राखणदार लावून मग द्यायची. तोही पुढची वस्तू राखणदार लावूनच देईल."

जुईचे डोळे चमकले. "म्हणजे जो जितका आत जाईल, तितके राखणदार त्याला भेटतील!"

तिने लगेच प्रोग्रॅम दुरुस्त केला. ओलावा मोजणारे यंत्र पुन्हा आत गेले आणि घंटा वाजली. ठमू म्हणाला, "काचघर, वाफा, रातांबा, ओलावा: वाढला."

पुढे बरेच दिवस ओलाव्याचीच खबर येत होती. रोप तगेल की नाही, हे अजून कळत नव्हते. मग एका सकाळी ठमूने वेगळीच खबर दिली. "काचघर, वाफा, रातांबा, पानं: एक नवीन."

आजोबा तसेच अनवाणी धावले. तांबूस, कोवळे पान होते. "अगदी आमच्या मागीलदारी होता तसाच गो," ते म्हणाले.

जुईने गुळाचा खडा आणून ठमूच्या पायाशी ठेवला.

"हे काय?" ठमूने विचारले.

"राखणदाराचा मान."

"मला खाता येत नाही."

"गावातले राखणदारही खात नसत," आजोबा म्हणाले. खडा मोडून त्यांनी अर्धा जुईच्या हातावर ठेवला. "तो नंतर पोरांनी खायचा असतो. झाडाला रातांबे लागले, की तेही आधी याच्यापुढे ठेवू."

"लागले की मीच सांगेन," ठमू म्हणाला.