कॅमेऱ्यावर सोपवलेली सटीची रात्र

सरकून बसा जरा. दारातला बल्ब घालवलात तरी चालेल, किडे पडतात अंगावर.

पाळी गावचा कृष्णनाथ तुमच्यातल्या काहींनी पाहिलेला आहे. खाणीवर ट्रक चालवायचा, खाणी बंद पडल्यावर घरी बसला. ही गोष्ट त्याची. त्यानेच सांगितली, आणि सांगताना मध्ये दोनदा उठून कुंपणापाशी जाऊन थुंकून आला.

तर कृष्णनाथ त्या दिवशी डिचोलीच्या बाजारात गेला होता. मुलगी गौरवी बाळंतपणाला माहेरी आलेली, पहिली मुलगी झाली होती. बायकोने सुंठ, डिंक, शेपा आणायला सांगितलं होतं. ते घेतलं आणि येताना पांडुरंगाला गाडीवर बसवून आणलं. पांडुरंग म्हणजे घराघरांत इंटरनेट आणि कॅमेरे बसवतो तो. गौरवीचा नवरा सर्वेश जहाजावर. त्याने मुलीला अजून पाहिलं नव्हतं. त्याची एकच मागणी, बाळंतिणीच्या खोलीत एक कॅमेरा लावा, म्हणजे मी इथून पाहीन.

पांडुरंगाने खांबावरून वायर ओढली, सोप्यात वायफायचा डबा ठेवला, आणि आतल्या खोलीत भिंतीवर तो कॅमेरा. नारळाएवढं डोकं, मध्ये एक डोळा. मोबाईलवरून इकडे तिकडे वळवता येतो, त्यातून बोलताही येतं.

"काका, एक काम उरलां," पांडुरंग म्हणाला. "हेची किल्ली कंपनीची आसा. सगळ्या कॅमेऱ्यांक तीच. ती बदलूंक जाय, वायफायचीय बदलूंक जाय."

"मागीर बदल रे. आत बाळंतिणीक न्हाण घालपाचें आसा. आमगेर कोण येतलो चोरूंक?"

पांडुरंग निघून गेला. कंपनीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, तशीच राहिली.

दोन दिवस बरे गेले. सर्वेश जहाजावरून पाहायचा, कॅमेऱ्यातून मुलीला हाका मारायचा, आणि सगळे हसायचे. तिसऱ्या दिवशी गौरवीने बापाला दारात बोलावलं. आत या म्हणाली नाही. मान खाली.

"बाबा, तो दोळो आपणच वळता. हांव तिका पाजूंक बसलें काय म्हज्याकडेन वळता."

"जांवय वळयता आसतलो."

"ते कामार आसात. हांवें विचारलें."

 कुणीतरी बसून पोरीला पाहतोय. दूध पाजताना. जेवण गेलं नाही त्याला. तिठ्यावर चहाला गेला तर जो दिसेल त्याच्या हातातल्या मोबाईलकडे नजर. हा असेल का? तो कोपऱ्यात खुदकन हसला, तो का? शेजारचा म्हातारा बाबाजी मोबाईलवर भजन ऐकत होता, त्याच्याही मागे जाऊन पाहून आला. लाज वाटली स्वतःची. पण किळस काही जाईना. ग्लास अर्धा टाकून उठला.

कॅमेरा उपटून फेकणार होता. पण सर्वेशचा फोन आला.

"मामा, काढूं नाकात. मंगळवारासावन आमकां रेंज ना. सटीची रात तरी आसूं दियात, मागीर रेकॉर्ड पळयतलों. म्हाका दुसरें किदें मेळटा हांगा?"

जावई परमुलखात, पाण्यावर. कृष्णनाथाला नाही म्हणवेना. पांडुरंगाला परत आणला. त्याने सगळं पुसून पहिल्यापासून केलं. वायफायची किल्ली नवी, लांबलचक. कॅमेऱ्याची वेगळी. कॅमेऱ्याला घरातल्या बाकीच्या मोबाईलांपासून तोडून वेगळ्या वाटेवर टाकलं. बाहेरची माणसं आत यायच्या सगळ्या वाटा बंद.

"आतां दोनच फोन, काका. तुमचो आनी जांवयाचो. तिसरो कोण येवंचो ना."

तेव्हापासून कॅमेरा वळला नाही. कृष्णनाथ निर्धास्त झाला, आणि चूक झाली ती तिथेच.

सट म्हणजे बाळाची सहावी रात्र. त्या रात्री घरात कुणीतरी जागं राहून बाळाकडे पाहत राहायचं असतं, नजर हटली तर नको ते बाळापाशी येतं म्हणतात. तुमच्या आयांनी तुमच्यासाठी जागवली असेल. वाड्यावरची माणसं येतात, भजन होतं, पत्ते होतात, पहाट कधी होते कळत नाही. पण ती रात्र आली बुधवारी, सर्वपित्री अमावास्येची. शेजारी सुतक, बाकीच्यांच्या घरी पितरांचं. कुणी आलं नाही. आणि घरातली तिघं आठवडाभर नीट झोपलेली नव्हती.

सुमंगला, त्याची बायको, भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटत होते तिचे.

"थोडी आड पड गो," कृष्णनाथ म्हणाला.

"सटीक माणसांनी जागूंक जाय."

"कॅमेरो न्हिदना. कितेंय हाललें काय म्हज्या फोनाचेर घांट वाजता. आनी आतां बंदोबस्त पक्को आसा."

"घांट आयकूंक तरी जागे आसात म्हणजे पुरो," ती म्हणाली, आणि बसल्या बसल्या झोपली. कृष्णनाथ सोप्यात येऊन मोबाईल उशाशी ठेवून पडला.

बारा वाजून गेल्यावर घंटा वाजली.

त्याने मोबाईल उघडला. अंधारातलं करडं चित्र. गौरवी झोपलेली, सुमंगला झोपलेली, मध्ये बाळ. आणि बाळाच्या पायाशी ओल्या कपड्यांचा ढीग.

ढीग? दुपट्टी तर सुमंगलेने संध्याकाळीच आवरली होती.

तो पाहत राहिला. ढीग जरासा पुढे सरकला...

कृष्णनाथ धावला. दार ढकललं, दिवा लावला. काही नाही. बाळ शांत. पण वास... फाटलेल्या दुधाचा. नुसता आंबट नाही. आठवडाभर झाकून ठेवलेल्या टोपाचा, गोड, सडका. घशाशी आलं त्याच्या.

त्याने मोबाईलमध्ये पाहिलं. चित्रात दिवा लागलेला. चित्रात तो स्वतः उभा. आणि त्याच्या पायाला लागून ते. केस होते त्याला. केसांतून पांढरं काहीतरी गळत होतं. ते वाकलं होतं. बाळाच्या अंगावर.

मोबाईलवरून नजर काढली. खाली काहीच नाही. पुन्हा मोबाईल. ते आणखी जवळ.

तेव्हा त्याला कळलं. डोळ्यांनी बाळाकडे पाहिलं की ते थांबतं. मोबाईलमध्ये पाहिलं की सरकतं.

"सुमंगल... गौरवी..." हाका मारल्या. सुमंगलेचा खांदा हलवला. मान एका बाजूला पडली, घोरणं चालूच. दोघी दगडासारख्या.

तो बाळासमोर बसला. मोबाईल पालथा घातला. बाळाकडे पाहत राहिला.

घंटा वाजली.

पाहिलं नाही.

पुन्हा वाजली. पुन्हा. जमिनीवर मोबाईल थरथरत होता. वास आता कानापाशी. मानेला काहीतरी ओलं, कोमट लागलं. त्याने पुसलं नाही. हात हलला तर नजर हलेल. ओकारी आली, ती तोंडातल्या तोंडात गिळली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पापणी लवू दिली नाही.

मग कॅमेऱ्यातून आवाज आला.

"मामा."

सर्वेशचा आवाज.

सर्वेशला तर रेंज नव्हती.

"मामा, भुरगें स्वास घेना."

कृष्णनाथाने पाहिलं. बाळाची छाती... हलतेय? हलत होती ना मघाशी?

"तुमकां थंयच्यान दिसना. म्हाका हांगा सारकें दिसता. फोन पळयात."

त्याने नजर बाळावरच ठेवली.

"मामा. म्हजें भुरगें मरता. एकदां पळयात..."

एकदाच. पापणी लवते तेवढाच वेळ. कृष्णनाथाने मोबाईल उलटा केला.

चित्रभर एक जीभ होती. लांब, करडी, साय आल्यासारखी. बाळाच्या डोक्यामागे लागलेली. सावकाश चाटत होती, गाय वासराला चाटते तशी.

त्याने बाळ उचललं. छातीशी धरलं. तसाच, नजर बाळावरच ठेवून, पाय घासत सोप्यात आला आणि चाचपडत वायफायच्या डब्याची वायर उपटली. डब्यावरचे दिवे विझले.

आत मोबाईलची घंटा वाजली.

...पुन्हा वाजली.

तो भिंतीला पाठ लावून बसला. बाळाकडे पाहत. घंटा वाजत राहिली. त्याने मोजली नाही. कोंबडा आरवला तेव्हा थांबली.

सकाळी दोघी उठल्या, त्यांना काही माहीत नाही. बाळाने हात-पाय झाडले, दूध प्यायलं. पांडुरंग आला, त्याने सगळं तपासलं. म्हणाला, काका, कोणीच आंत येवंक ना, दोनच फोन, तिसऱ्याची खूण ना. आणि रात्रीचं रेकॉर्ड? ते होतं. त्यात एक माणूस रात्रभर बाळासमोर बसलेला. खोलीत दुसरं काही नाही. तो बाळ घेऊन सोप्यात गेल्याचंही नाही.

कृष्णनाथाने कॅमेरा खाणीच्या खड्ड्यात टाकला. सर्वेश रेंजमध्ये आला तेव्हा त्याला सांगितलं, कॅमेरो बिघडलो.

पोर आता चालते, बोलते. गोड आहे, शहाणी आहे. मी मांडीवर घेतली होती तिला गेल्या महिन्यात. कृष्णनाथ म्हणाला, "मागच्यान हात लाव." लावला.

डोक्यामागे रुपयाएवढी जागा. तिथले केस एका बाजूला चापून बसलेले. आई रोज न्हाऊ घालते, पुसते, उन्हात बसवते. दिवसभर कोरडे असतात.

मी हात लावला तेव्हा दिवेलागण झाली होती. केस ओले होते. कोमट.

हात तीन वेळा साबणाने धुतला मी. रात्री जेवताना तोंडापाशी नेला, तर फाटलेल्या दुधाचा वास आला.